घरच्या छोट्या सर्व्हरवर चित्रपट अडखळायचा, तो असा सुटला

इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी मी घरी साठवण आणि व्हिडिओसाठी लावलाय. फोटो, कागदपत्रं, बॅकअप सगळं सुरळीत. फक्त टीव्हीवर ब्लू-रेवरून उतरवलेला चित्रपट लावला की चित्र सारखं थांबायचं. वायफाय सोडून केबल जोडली, तरी तेच.

टीव्हीला व्हिडिओ पुरवणाऱ्या जेलीफिन या सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर चालू प्लेबॅकची माहिती उघडली आणि कारण समोरच दिसलं: सबटायटल्समुळे ट्रान्सकोडिंग, म्हणजे चालता चालता व्हिडिओचं रूपांतर. ही सबटायटल्स पीजीएस प्रकारची होती, म्हणजे मजकूर नव्हे तर चित्रं. टीव्हीवरच्या अ‍ॅपला ती दाखवता येत नसतील तर सर्व्हर ती फ्रेमवर छापतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करतो. प्रोसेसरचा भार दाखवणारी टॉप कमांड चालवली तर एफएफएमपेगने (एन्कोडिंग करणारा प्रोग्रॅम) चारही कोर व्यापलेले. खरं तर या चिपमध्ये क्विक सिंक (क्यूएसव्ही), म्हणजे ग्राफिक्सकडून व्हिडिओ एन्कोड करून घेण्याची सोय आहे, हे काम ग्राफिक्सने सहज पेललं असतं. पण जेलीफिन डॉकरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) होतं आणि कंटेनरला ग्राफिक्स डिव्हाइस दिसतच नव्हतं.

डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (यात कंटेनरची मांडणी लिहिलेली असते) डिव्हाइसेसखाली ‘/डेव्ह/डीआरआय’ (/dev/dri) हा ग्राफिक्स डिव्हाइसचा पाथ दिला. होस्टवरच्या, म्हणजे मूळ मशीनवरच्या, ग्राफिक्स वापरायची परवानगी देणाऱ्या रेंडर ग्रुपचा क्रमांकही घातला (तो प्रत्येक मशीनवर वेगळा असू शकतो, आपला तपासूनच घ्या). कंटेनर पुन्हा उभा केला, प्लेबॅक सेटिंगमध्ये क्यूएसव्ही निवडलं. सीपीयूचा भार लगेच उतरला, चित्रपट न थांबता चालला.

तरीही एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची, सबटायटल्स मिळत असतील तर मी तीच लावतो. ती बहुतेक अ‍ॅप स्वतःच दाखवतात, त्यामुळे व्हिडिओला हात लावावा लागत नाही.