जुना गेमिंग संगणक कमी खर्चात कसा सुधारावा

जुना गेमिंग संगणक अडखळू लागला की बहुतेकांचे लक्ष प्रथम ग्राफिक्स कार्डाकडे जाते. हातात पैसे मोजके असतील तर हीच घाई नडते, कारण प्रोसेसर मागे पडत असेल तर कितीही ताकदीचे कार्ड बसवले तरी ते त्याची वाट पाहत रिकामे राहते. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी एक संध्याकाळ केवळ निदानासाठी राखून ठेवावी.

एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत साधनाने कार्डाचा वापर, प्रोसेसरचा वापर, तापमान आणि रॅम हे आकडे खेळ चालू असताना पडद्यावर दिसतील अशी सोय करावी. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सोय) व फ्रेमवरची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांवरची, मर्यादा बंद करावी आणि जो खेळ सर्वाधिक त्रास देतो तोच अर्धा तास खेळावा. कार्डाचा वापर सतत ९५ ते १०० टक्के राहिला तर अडसर कार्डाचाच आहे. तो ६०-७० टक्क्यांवरच घुटमळत असेल आणि तरीही फ्रेम कमी पडत असतील, तर संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर घ्यावा. येथे प्रोसेसरच्या एकूण वापराच्या आकड्यावर विसंबू नये. अनेक खेळांचा मुख्य भार प्रोसेसरच्या एक-दोन कोअरवरच (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवरच) पडतो, त्यामुळे एकूण आकडा ४० टक्के दिसत असतानाही एखादा कोअर पूर्ण दमलेला असू शकतो. खात्रीसाठी रिझोल्युशन १०८०वरून ७२०वर आणावे; फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होते, जवळपास तितक्याच राहिल्या तर प्रोसेसर. हे आकडे वहीत टिपून ठेवावेत.

यानंतर बिनखर्चाची किंवा अगदी थोड्या खर्चाची कामे उरकावीत, कारण पुष्कळदा निम्मा त्रास तेथेच संपतो. धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. प्रोसेसरचे तापमान तरीही ९० अंशांच्या आसपास जात असेल, तर कूलरखालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) खडूसारखी सुकलेली असण्याची शक्यता आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवण्याच्या जागेत) मात्र कूलर सरळ वर ओढणे धोक्याचे असते. पेस्ट घट्ट चिकटलेली असली तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपसून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक दहा मिनिटे चालवून गरम करावा, मग बंद करून वीज काढावी आणि कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावावी.

रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी बसवलेल्या अनेक संगणकांत आढळतात. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत असाव्या लागतात, तरच ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा एकाच वेळी वापर, चालू होते. बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीत) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, बंद असेल, तर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅमसुद्धा पुष्कळदा २१३३च्याच वेगाने चालते.

आता खरेदी. खेळ अजून हार्ड डिस्कवर असतील तर साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी वेगवान डिस्क) घ्यावी. तिने फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण खेळ उघडण्याचा वेळ आणि मोठ्या नकाशांतले अडखळणे कमी होते. रॅम १६ जीबीपेक्षा कमी असेल तर ती वाढवावी, मात्र डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

प्रोसेसरच्या बाबतीत एएम४ मदरबोर्ड असलेले सुदैवी आहेत. २०१७मधल्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर चालतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावरील यादीत आपल्या बोर्डाचे नेमके नाव पाहून घ्यावे आणि बायोसचे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे. इंटेलच्या जुन्या बोर्डांवर हा वाव बराच कमी असतो.

कार्ड घेताना कॅबिनेटमधली लांबी आणि पॉवर सप्लायच्या जोडण्या मोजाव्यात. मदरबोर्डवरच्या कार्डाच्या खाचेतून ७५ वॉट, सहा पिनी जोडणीतून ७५ आणि आठ पिनी जोडणीतून १५० वॉट मिळतात. एएमडीचे १३२ वॉटचे आरएक्स ६६०० कार्ड एका आठ पिनी जोडणीवर भागते, तर आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार लेन (बोर्डाशी माहितीची ये-जा करणारे मार्ग) वापरत असल्याने पीसीआय एक्सप्रेस ३.०च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या खाचेच्या, बोर्डावर मागे पडते. वापरलेले कार्ड चालेल, पण अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. वापरलेला पॉवर सप्लाय मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. नवा बसवताना जुन्याच्या सुट्या केबली त्याला जोडू नयेत. टोक सारखे दिसले तरी आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क किंवा बोर्ड जळतो.

प्रत्येक बदलानंतर त्याच खेळातला तोच भाग पुन्हा खेळून वहीतले आकडे पडताळावेत. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि फ्रेम ६०वर स्थिर राहू लागल्या असतील, तर उरलेले पैसे खुशाल राखून ठेवावेत.