ट्रेमधली विश्वामित्री: नदी काठ कशी कापते आणि कशी भरते

विश्वामित्री पावागडावरून उतरते आणि बडोद्यात शिरली की वळणामागून वळण घेत राहते. ती काठ कापते हे सगळ्यांना दिसतं. कापलेली माती ती लगेच पुढे कुठेतरी मांडते, हे पाहण्यासाठी हा प्रयोग करा.

पत्र्याचा ट्रे हवा: ९० सेंमी लांब, ४५ रुंद, १० खोल. एका टोकाला तळापासून १ सेंमीवर एक आणि ३ सेंमीवर दुसरं भोक पाडा, खालच्याला बूच लावा. बारीक चाळलेली वाळू चार भाग, चिकणमाती एक भाग, असं १७-१८ किलो मिश्रण लागेल. वाळू दुकानातूनच आणा. नदीत उतरू नका, तिथे मगरी आहेत.

चिकणमाती वगळायचा मोह होतो, पण इथेच बहुतेकांचा प्रयोग फसतो. नुसत्या वाळूचे काठ लगेच ढासळतात, पाणी पसरतं, उथळ फाटे फुटतात आणि वळण टिकतच नाही. काठ उभा राहायला माती एकमेकींना धरून राहावी लागते.

मिश्रण ओलसर करून भोकांपासून दूरच्या ६० सेंमीत ४ सेंमी जाड थापा. उरलेला भाग म्हणजे समुद्र, खंभातचं आखात. वरचं टोक २.५ सेंमी उचला. चमच्याने २ सेंमी रुंद, १ सेंमी खोल नागमोडी चर काढा आणि पहिल्या वळणाच्या बाहेरच्या काठावर लाल रांगोळीची जाड रेघ ओढा.

वरच्या टोकाला बादलीतून बारीक नळीने पाणी सोडा. अर्धा लिटर भरायला ४० सेकंद लागावेत. धार पडते तिथे चपटा दगड ठेवा, नाहीतर खड्डाच पडेल. बादली रिकामी होत गेली की धार मंदावते, म्हणून ती भरत राहा.

थोड्याच वेळात बाहेरचा काठ खालून पोखरला जाऊन कोसळतो. लाल कण पुढच्या वळणाच्या आतल्या बाजूला साचतात. कारण वळणावर वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि तळाचं आत वळतं; ढवळलेल्या चहाचा चोथा कपाच्या मधोमध जमतो तो याचमुळे. आइनस्टाइनने १९२६ साली नद्यांची वळणं याच चोथ्यावरून समजावली होती. मुखाशी गाळाचा पंखा पसरतो, तो नदीने बांधलेला नवा भाग.

आता कोसळत्या काठाला खडे लावा. तो वाचतो, पण खडे संपतात तिथून पुढची माती सुटू लागते. नदीकाठी भिंत बांधायची चर्चा निघते तेव्हा हे जरूर दाखवा.

शेवटी बूच काढा. समुद्राची पातळी २ सेंमी उतरते, मुखाशी पायरी पडते आणि ती उगमाकडे सरकत जाते. झारीने सपाटीवर पाणी शिंपडलंत तर चराच्या दोन्ही बाजूंना घळी फुटतात; मही नदीकाठची कोतरं, म्हणजे खोल घळी, अशीच मागे मागे शेतांत शिरतात. बूच हळू काढा. एकदम काढलंत तर सगळाच काठ घसरतो आणि पायरी दिसत नाही. गढूळ पाणी मोरीत ओतू नका, बादलीत निवळू द्या.