लॅमिंग्टन रोडवर पीसीचं कोटेशन घेताय? मग या चुका टाळा

मुंबईत ग्रँट रोडला ईस्टला उतरून लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) चार दुकानं फिरलात की हातात चार चिठ्ठ्या येतात, आणि चारही चिठ्ठ्यांवर साधारण हेच लिहिलेलं असतं: आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, ४५० वॅट एसएमपीएस (म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा). टोटल बघून आपण सगळ्यात स्वस्त चिठ्ठी उचलतो. पहिली चूक इथेच होते, कारण यातलं एकही नाव पूर्ण नाहीये आणि बजेट पीसीत माणूस फसतो तो या अर्धवट नावांतच.

प्रोसेसरचंच घ्या. "आय सेवन है भाई, मक्खन चलेगा" असं कोणी म्हणालं तर कुठल्या जनरेशनचा (पिढीचा) ते विचारा. आय७-३७७० हा पण आय७च, पण तो २०१२ सालचा. त्याच्यापेक्षा आय३-१२१०० कितीतरी फास्ट आहे. वर विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढचं लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नवीन बोर्डावर (मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात) जुना प्रोसेसर बसवून "नवीन पीसी" म्हणून विकतात ते हेच, नाव मोठं लक्षण खोटं.

मग शेवटचं अक्षर. इंटेलमध्ये मागे एफ असेल, म्हणजे १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच, वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीत रायझन ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणून लोक खुशीत घेतात आणि घरी येऊन काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात.

"४ जीबी ग्राफिक्स"ची पण तीच गत. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड, त्याच्यावर ४ जीबी लिहिलेलं असलं तरी ५६००जी मधलं आतलंच ग्राफिक्स त्याच्यापेक्षा चांगलं चालतं. म्हणजे आहे त्यापेक्षा स्लो होण्यासाठी वर पैसे मोजायचे! मागे 'जी' असलेला प्रोसेसर घेतलात तर तेच पैसे रॅमला लावा, १६ ची एक स्टिक न घेता ८-८ च्या दोन घ्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन स्टिकमुळे गेमिंगमध्ये उघड फरक दिसतो. आणि रॅम घेताना बोर्डाचं पूर्ण नाव बघा: इंटेलच्या बी७६० मध्ये डीडीआर४ (जुनी रॅम) वाले बोर्ड वेगळे, डीडीआर५ (नवी रॅम) वाले वेगळे, एकाची स्टिक दुसऱ्यात बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. एएमडीच्या बोर्डांत एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५, तिथे घोळ नाही.

एसएसडीत साटा (हळू) की एनव्हीएमई (फास्ट) एवढं विचारलं तरी पुरे, रोजच्या कामाला फार डोकं लावू नका.

डोकं लावायचंच तर एसएमपीएसला लावा. ह्यातच सगळे पैसे वाचवायला बघतात, कॅबिनेटबरोबर आलेला मुकाट्याने लावतात. दुकानात तो हातात घ्या आणि बाजूचा स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० असतं, खाली बारीक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते बघा. तिथे १४ असेल तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, बस. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच लाईनवर चालतात, बाकीचे वॅट नुसते छापलेले. बऱ्या ब्राँझ रेटिंगच्या (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) ४५० मध्ये तिथे ३५-३६ अँपिअर दिसतात. गेम चालू असताना पीसी धाडकन रीस्टार्ट होतो ना, त्यात व्हायरस शोधण्याआधी हा तक्ता वाचावा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण होते, हे जुन्या चाळीत आणि बिल्डिंगमध्ये बऱ्याच घरांत ऐकू येतं. पीसी खराब आहे असं नाही, बहुतेक वेळा घरात अर्थिंग नसतं किंवा टू-पिनचं एक्स्टेन्शन लावलेलं असतं, त्यामुळे एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो. दुकानात भांडायला जाऊ नका, आधी वायरमनला बोलवा.

बिलाबद्दल एकच. "बिल नको, १८ टक्के वाचतील" याला हो म्हणू नका, पुढे वॉरंटीला बिल मागतात. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर बॉक्समधलाच घ्या, सुटा ट्रेवाला (बॉक्सशिवाय विकला जाणारा) घेतलात तर कूलरही नाही आणि कंपनीची वॉरंटीही नाही.

आता जोडून झालं, पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही. घाबरू नका, आधी एचडीएमआय कुठे लावलीय ते बघा, कार्ड असेल तर कार्डातच लागते, बोर्डात नाही. मग प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची पॉवर, ही विसरली तरी पंखे फिरतातच आणि माणूस गंडतो. मग रॅम काढून क्लिक होईपर्यंत दाबा, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू व्हायला काही मिनिटंही लागू शकतात, मध्येच स्विच बंद करू नका. एवढं करूनही नाहीच तर बोर्डाचा बायोस (बोर्ड चालू करणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) जुना असेल, एएमडीच्या जुन्या स्टॉकमधल्या बी४५० बोर्डावर ५००० सिरीजचा रायझन लावताना हे होऊ शकतं. विकत घेतानाच दुकानदाराला अपडेट मारून द्यायला सांगा.

आणि इंटेलचा बोर्ड असेल तर काउंटरवरच सॉकेटचं झाकण उघडून मोबाईलच्या टॉर्चमध्ये पिना बघून घ्या, घरी जाऊन एखादी वाकलेली दिसली तर ती तुम्हीच वाकवली असं ठरतं. शनिवारी संध्याकाळी सगळं उचलून रविवारी जोडायचा बेतही नको, काही कमी निघालं तर रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.