पहिली दहा किलोमीटरची क्रॉस-कंट्री: सोलापूरच्या मातीत पळायचं तर

क्रॉस-कंट्री म्हणजे डांबर सोडून मुरूम, पाऊलवाटा, बांध आणि एखादा ओढा. सोलापूरच्या आसपास पहिल्यांदा अशी शर्यत पळणाऱ्याचा दम बहुतेक वेळा शेवटी नाही, सुरुवातीच्या दोन किलोमीटरांतच संपतो. कळतं मात्र सातव्याला.

तयारीला दहा आठवडे धरा. न थांबता तीन किलोमीटर पळता येत नसेल, तर त्याआधी महिनाभर चाल-धाव करा. आठवड्यात तीनच दिवस पळायचं. मंगळवारी सावकाश 4 ते 5 किमी. गुरुवारी दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं चालत, असं सहा वेळा. रविवारी लांब पल्ला: 4, 5, 6, 5, 7, 8, 9, 10, 6 आणि दहाव्या रविवारी शर्यत. चौथ्या आठवड्यात 6 वरून 5 वर येणं गाळू नका, नडगी आणि गुडघे त्याच आठवड्यात सावरतात. सावकाश म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं सावकाश.

मधल्या वारी पार्क मैदान किंवा होम मैदान चालेल, पण रविवारी मातीवर जायलाच हवं. हिप्परग्याच्या तलावाकडच्या मुरमाच्या वाटा बऱ्या. उसाचा हंगाम सुरू झाला की मोठ्या रस्त्याच्या कडेनं पळणं टाळा, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या वळणावर आत दाबतात. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा असते. होम मैदान आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रस्ते त्या दिवसांत सरावातून वगळा.

आता खरी गोष्ट, माती. काळी माती ओली असेल तर दहा पावलांत बुटाखाली भाकरीएवढा थर बसतो आणि पाय जड होतो. वाट सोडून कडेच्या गवतावरून किंवा मुरमावरून पळा, पावलं आखूड ठेवा. तळव्याच्या खाचा रुंद असलेले बूट घ्या. अरुंद खाचांत चिखल अडकून बसतो. वाळल्यावर हीच माती भेगाळते. भेगेत टाच गेली की घोटा मुरगळतो, म्हणून नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवायची. सराटे बुटाच्या तळव्यात रुततात, पण त्रास फार देत नाहीत. बाभळीचा काटा मात्र मऊ तळव्यातून थेट पायापर्यंत येतो. छातीवरचा नंबर लावायला चार सेफ्टी पिना लागतात, पाचवी चड्डीच्या कडेला अडकवून ठेवा. काटा मोडून आत राहिला तर तीच कामाला येते. मोजे घोट्याच्या वरपर्यंत येणारे हवेत, नाहीतर कुसळं आत शिरतात. सुती मोजे नकोत. घाम धरून ठेवतात आणि फोड येतात.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. शर्यतीआधी त्या बुटात किमान 60 किमी झालेले असावेत. नवे बूट घालून शर्यतीला उभं राहणं ही दरवर्षी कुणीतरी करतंच अशी चूक आहे.

आदल्या रात्री नेहमीचंच जेवा, फक्त तिखट कालवण आणि शेंगा चटणीवर ताव मारू नका. तेलकट-तिखट पोटात रेंगाळतं आणि पहाटे त्रास देतं. सकाळी सुटण्याच्या दीड तास आधी एक केळं आणि गुळाबरोबर एक चपाती. सवय असेल तर चहाही घ्या. दोन तास आधी 300 ते 400 मिली पाणी, मग फक्त घोट घोट. वाटेत पाण्याच्या टेबलाशी चार-पाच घोट प्या, उरलेलं मानेवर ओता. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पेलाभर पाण्यात सगळं ढवळलं तर मळमळ होते. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

सुटण्याआधी दहा मिनिटं हळू धावा, मग वीस-वीस सेकंदांच्या चार झेपा, म्हणजे छोट्या वेगवान धावा. उभं राहताना घोळक्याच्या मागच्या तिसऱ्या भागात राहा. वेळेची चिप नंबराच्या मागे असेल तर कागद दुमडू नका, नाहीतर वेळ कदाचित नोंदली जाणार नाही.

लक्ष्य 70 मिनिटांचं असेल तर वेग असा वाटा: पहिले 2 किमी दर किलोमीटरला 7 मिनिटं 20 सेकंदांच्या वेगानं, पुढचे 5 किमी सात मिनिटांनी, शेवटचे 3 किमी 6 मिनिटं 45 सेकंदांनी. बेरीज 69 मिनिटं 55 सेकंद. पहिल्या किलोमीटरला सगळे पुढे जातात, जाऊ द्या. चढावर घड्याळ बघू नका. श्वास तोच ठेवा, वेग आपोआप उतरेल. तीव्र चढ चालत चढलात तरी फार वेळ जात नाही.

उन्हात अंगावर काटा आला, गरगरलं किंवा पाय वेडेवाकडे पडू लागले तर तिथंच थांबा, सावलीत बसा, डोकं-मान-काखा ओल्या करा. कुणी असंबद्ध बोलत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. अंगावर भरपूर पाणी घाला, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. पिशवीत कोरडा टॉवेल ठेवा (सोलापुरात तो कमी पडायचं कारण नाही) आणि ओला बनियन आधी बदला. बूट ओले असताना घासू नका, चिखल कापडात मुरतो. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. उन्हात डिंक सुटून तळवा उघडतो. पूर्ण वाळले की दोन्ही बूट एकमेकांवर आपटा, ढेकळं आपोआप पडतात.