गरोदर स्त्री कामावर किती वजन उचलते, हे मोजायचं तर…

ओझं उचलण्याचा गरोदरपणावर काय परिणाम होतो, या विषयात नव्याने काम सुरू करणाऱ्यांना मी आधी एकच सांगते: ‘तुम्ही जड काम करता का?’ हा प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका. वर्षानुवर्षं खोकी हलवणाऱ्या बाईला त्यात जड काही वाटतच नाही. त्याऐवजी काय उचलता, त्याचं वजन साधारण किती आणि एका शिफ्टमध्ये किती वेळा, असं विचारा. जमेल तिथे वजनकाटा घेऊन जा.

वजन गुणिले खेपा केलं की दिवसाचं एकूण वजन निघतं. पण १० किलोची खोकी ५० वेळा उचलली काय किंवा २५ किलोची पोती २० वेळा, बेरीज ५०० किलोच येते. शरीरावरचा ताण मात्र सारखा नसतो. म्हणून एका वेळचं सर्वांत जास्त वजन वेगळ्या रकान्यात लिहाच.

अंतर मोजायची टेप सोबत असू द्या. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) संस्थेचं, एका वेळी किती वजन उचलावं याची मर्यादा काढणारं समीकरण आहे. त्याच्या १९९१च्या सुधारित रूपात बाकी सगळं अनुकूल असेल आणि ओझं धरलेले हात दोन्ही घोट्यांच्या मध्यापासून २५ सेंटिमीटर पुढे असतील, तर मर्यादा २३ किलो येते. अंतर ५० सेंटिमीटर झालं की ती निम्म्यावर, म्हणजे ११.५ किलोवर उतरते. पोट वाढतं तसं ओझं आपोआप पुढे सरकतं. खोकं तेच असलं तरी काम अवघड होत जातं, म्हणून दर तिमाहीत पुन्हा मोजा. मुळात हे समीकरण गरोदरपणासाठी बनवलेलं नाही, हेही ध्यानात ठेवा.

परिचारिकांची मोजणी सगळ्यांत किचकट. ६० किलोच्या रुग्णाला दोघीजणी चादर धरून पलंगावर वर सरकवतात, तेव्हा प्रत्येकीच्या नावावर ६० किलो मांडणं चूक, आणि सरळ ३० मांडणंही. रुग्ण स्वतः पाय रेटतो का, पलंगाची उंची किती, मदतीला कोण होतं, हे तिथे उभं राहून टिपावं लागतं.

माहिती गर्भारपण चालू असतानाच गोळा करा. गर्भपात झालेली स्त्री उचललेली प्रत्येक वस्तू आठवून पाहते. जिचं सगळं सुरळीत झालं ती विसरून जाते. नंतर विचारलं तर हा फरक थेट निष्कर्षात उतरतो. शिवाय त्रास होऊ लागला की अनेकजणी हलकं काम मागून घेतात किंवा नोकरी सोडतात. त्यामुळे काम कधी बदललं आणि का, याची तारखेसह नोंद हवीच.

आणि घरी कडेवर घ्यावं लागणारं मूल आहे का, हेही विचारा. ते वजन कामाच्या बेरजेत मिसळू नका, वेगळं लिहा.