मेंदूची गाठ काढल्यानंतरची मुलं: नव्या फिजिओथेरपिस्ट मंडळींसाठी

कोल्हापुरात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस सुरू केलीत, की मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं मूल आज ना उद्या तुमच्यासमोर येतंच. ऑपरेशन बऱ्याचदा पुण्या-मुंबईला झालेलं असतं, पण पुढची वर्षं त्याला काढायची असतात ती कागल, गारगोटी, चंदगडकडे. त्या वर्षांत त्याला धरून ठेवणं हे आपलं काम.

आई विचारते, "मॅडम, पोरगं पहिल्यासारखं पळंल न्हवं?" उत्तर देण्याआधी फाईल वाचा. "गाठ पूर्ण काढली" एवढ्यावर काही ठरत नाही, गाठ कुठली हे बघा. लहान मेंदूतला पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा (हळू वाढणारी गाठ) पूर्ण निघाला असेल तर १० वर्षांनीही ९० टक्क्यांहून जास्त मुलं हयात असतात, आणि सहसा रेडिएशनही लागत नाही. मेड्युलोब्लास्टोमा (वेगानं वाढणारी कर्करोगाची गाठ) त्याच भागात होतो, पण त्यात ऑपरेशन ही फक्त सुरुवात. मोठ्या मुलांना नंतर डोक्याला आणि कण्याला रेडिएशन, शिवाय केमो. गाठ पसरलेली नसेल तर ५ वर्षांनंतर साधारण ७० ते ८० टक्के मुलं वाचलेली असतात.

मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर साधारण चारातलं एक मूल बोलायचं थांबतं. शुद्धीवर आल्यावर दोन शब्द बोलतं आणि एक-दोन दिवसांत गप्प होतं. अंग सैल पडतं, चिडचिड वाढते, तोल राहत नाही. घरच्यांना वाटतं भूल जास्त झाली. तसं नसतं, लहान मेंदूतून वर जाणारे मार्ग दुखावलेले असतात. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बोलणं परत येतं, पण बहुधा संथ आणि अडखळत, आणि तोलाची अडचण बऱ्याच मुलांत मागे राहते. या काळात मुलाला आईच्या मांडीवर बसवून धडाचा ताबा येण्यावर काम करा. सत्र छोटं ठेवा, रडायला लागलं की थांबा. ते बोलत नाही, पण ऐकतं आणि समजतं, म्हणून त्याच्यादेखत त्याच्याविषयी काहीबाही बोललेलं मला अजिबात खपत नाही.

काही मुलांना शंट, म्हणजे मेंदूत साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी, बसवलेला असतो. सकाळी डोकं दुखणं, उलट्या, गुंगी, किंवा कालपर्यंत चालणारं मूल आज कलंडायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी न्यूरोसर्जनला गाठायला सांगा.

खरी लढाई शाळेत असते. रेडिएशन जितक्या लहान वयात, तितका शिकण्याच्या वेगावर परिणाम जास्त. म्हणूनच तीन वर्षांखालच्या मुलांना ते शक्यतो टाळतात. मूल हुशारच असतं, पण फळ्यावरचं उतरवायला त्याला वेळ लागतो. केमोमध्ये सिस्प्लॅटिन हे औषध मिळालं असेल तर बारीक, उंच आवाज ऐकू येणं कमी होतं. मागच्या बाकावर त्याला 'स' आणि 'श' नीट कळत नाहीत आणि गुरुजींना वाटतं लक्ष नाही. पहिला बाक, परीक्षेत जादा वेळ, पीटीच्या तासाला बसून करायचा व्यायाम, एवढं मुख्याध्यापकांना पत्रात लिहून द्या. मी दर जूनला नवं पत्र देते, कारण वर्गशिक्षक बदलतात.

पालकांना एक वही करायला लावा: एमआरआयच्या तारखा, श्रवणचाचणी, थायरॉइड, उंची. उंची वर्षभर अडली असेल तर बालरोगतज्ज्ञांमार्फत हार्मोन तपासून घ्यायला सांगा.