जुना रेंजफाइंडर कॅमेरा: रोल वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

रेंजफाइंडर म्हणजे खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस साधायचा कॅमेरा. त्याने काढलेले फोटो बिघडतात, त्यामागे बहुतेकदा एकच कारण असतं. डोळा एका खिडकीतून (व्ह्यूफाइंडरमधून) पाहतो आणि फिल्मवर चित्र उमटतं दुसऱ्या वाटेने. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, लेन्ससमोर बोट आलं की लगेच दिसतं. इथे बोट आलं, पट्टा लोंबला, अगदी लेन्सवर झाकण राहिलं तरी व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य लख्ख असतं. चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर. म्हणून या कॅमेऱ्यात तपासणी फोटो काढण्याआधीच करावी लागते.

झाकण आणि ऊन

झाकण काढायला विसरू नये, हे सगळेच सांगतात. पण ते लावायला विसरणं त्याहून महागात पडतं. लायका, झोर्की, फेड या कॅमेऱ्यांत शटरचा पडदा कापडी असतो, आणि मध्ये आरसा नसल्यामुळे लेन्समधून आलेलं ऊन थेट त्या पडद्यावर पडतं. फोकस इन्फिनिटीवर (सर्वांत दूरच्या अंतरावर), ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडं आणि लेन्सचं तोंड सूर्याकडे असेल, तर भिंगाने कागद जळावा तसं पडद्याला भोक पडतं. मग फोटोंवर पांढरे ठिपके येऊ लागतात. मागचं झाकण निघणारा कॅमेरा असेल तर रिकाम्या कॅमेऱ्याची लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसरीकडून पाहा. शटर चढवण्याआधी (पुढच्या फोटोसाठी ताणण्याआधी) आणि चढवल्यावर, असं दोनदा पाहा, म्हणजे दोन्ही पडदे तपासून होतात. कॅनोनेट किंवा यशिका इलेक्ट्रो 35 मध्ये धातूच्या पात्यांचं लीफ शटर असतं, तिथे ही काळजी नाही.

फोकस चुकतोय की रेंजफाइंडर?

फोटो मऊ, म्हणजे किंचित धूसर आले की लोक आधी लेन्सला दोष देतात. माझ्या मते आधी रेंजफाइंडरवर, म्हणजे प्रतिमा जुळवणाऱ्या यंत्रणेवर संशय घ्यावा. लेन्स इन्फिनिटीवर नेऊन चंद्राकडे किंवा खूप दूरच्या मनोऱ्याकडे पाहा. मधल्या चौकोनातल्या दोन प्रतिमा तंतोतंत एकावर एक बसल्या पाहिजेत. त्या डावी-उजवीकडे सरकलेल्या असतील तर फोकस खात्रीने चुकणार. वर-खाली सरकलेल्या असतील तर फोकस बिघडत नाही, पण जुळवताना डोळा शिणतो. त्यानंतर टेपने मोजून एक मीटरवर ठेवलेल्या वस्तूवर प्रतिमा जुळवा आणि लेन्सवरचा आकडाही एक मीटरच दाखवतो का, ते पाहा. अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, फिल्म जिथे असते त्या पातळीपासून मोजायचं.

मधला चौकोन फिकट पडला असेल तर बाहेरच्या काचा पुसा आणि तिथेच थांबा. वरचं झाकण उघडून आतली अर्धपारदर्शक काच कापसाने पुसण्याचा मोह होतो, पण तिच्यावरचा मुलामा इतका नाजूक असतो की एका फटक्यात निघून येतो आणि दुसरी प्रतिमा कायमची जाते. ते काम जाणकाराच्याच हातचं.

लायकाच्या एल्मारसारखी आत ढकलता येणारी लेन्स असेल तर ती पूर्ण बाहेर ओढून, फिरवून अडकवली आहे ना, हे बोटाने चाचपा. ती आत राहिली तर अख्खा रोल धूसर येतो आणि व्ह्यूफाइंडर त्याची कसलीही सूचना देत नाही.

जवळच्या फोटोत डोकं कापलं जाणं हाही याच दोन वाटांचा परिणाम. बहुतेक कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर आणि डावीकडे असतो. 1954 च्या लायका एम3 मध्ये फोकसबरोबर चौकटीच्या रेषा सरकतात. झोर्की 4 मध्ये तशी सोय नाही. तिथे फोकस झाल्यावर कॅमेरा किंचित वर आणि डावीकडे न्यावा आणि डोक्यावर थोडी जागा सोडावी.

फिल्म आणि शटर

रोल घातल्यावर फिल्म पुढे घेताना रिवाइंड नॉब (फिल्म परत गुंडाळायची खुंटी) फिरतोय का, हे प्रत्येक वेळी पाहा. तो स्थिर राहिला, तर आधी फिल्मचा ढिलेपणा काढून पुन्हा पाहा. तरीही फिरला नाही, तर फिल्म सरकतच नाहीये. खालून रोल भरायच्या जुन्या लायका, फेड 1 आणि पहिल्या झोर्कीत फिल्मची सुरुवातीची पट्टी साधारण 10 सेंटिमीटर लांब कापून घ्यावी लागते. न कापता घातली तर फिल्म शटरजवळ अडकते, आणि तिचा तुकडा आत राहिला तर दुरुस्ती अटळ.

झोर्की आणि फेडवर शटर स्पीड नेहमी शटर चढवल्यानंतरच बदला. आधी फिरवल्याने यंत्रणेला इजा होऊ शकते. लिव्हर अडली तर जोर लावू नका.

सेल

कॅनोनेट क्यूएल17 सारखे कॅमेरे 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनले होते. त्यात 1.5 व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त भासतो आणि फोटो काळपट येतात. श्रवणयंत्रातला 675 नंबरचा झिंक-एअर सेल 1.4 व्होल्टचा असतो, त्याला बाहेरून एक कडं बसवलं की काम होतं. यशिका इलेक्ट्रो 35 मध्ये सेल संपला तरी शटर उडतं, पण फक्त 1/500 सेकंदाला. संध्याकाळचे सगळे फोटो अंधारे आले असतील तर आधी बॅटरी चेकचं बटण दाबून पाहा.

एक सेकंदाला शटर रेंगाळत असेल किंवा अर्ध्यावर थांबत असेल, तर आतलं वंगण घट्ट झालंय. बाहेरून तेल सोडू नका, ते पात्यांवर पसरून त्यांना चिकटवतं. सर्व्हिसिंग होईपर्यंत 1/60 आणि त्यावरचे स्पीड नीट चालत असतील तर त्यांवर काम भागवा आणि सेल्फ-टायमरला हात लावू नका.